सेन्सरचं कव्हर

पॅकबंद काकांच्या घरात आजवर एकही वस्तू खराब झालेली नाही, कारण त्यांच्या घरात आजवर एकही वस्तू धड वापरलीच गेलेली नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला दोन रबरबँड. सोफा दुकानातून जे प्लास्टिक अंगावर घेऊन आला ते अजून त्याच्या अंगावर आहे. पाहुणा टेकला की आधी सोफा ओरडतो, मग पाहुणा. चष्म्याला डबी, डबीला कव्हर, कव्हरला पिशवी, आणि हे सगळं उघडायला दिसावं म्हणून दुसरा चष्मा. माणूस आयुष्यभर एका कारखान्यात भांडारपाल होता, त्याला काय करणार? "माझ्या कारकिर्दीत भांडारातला एक स्क्रू गंजला नाही," असं काका छाती काढून सांगत. त्यातला एक स्क्रू कधी कुणाच्या हाती लागलाही नाही, हे त्यांच्यामागे कारखान्यातले लोक सांगत. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव पॅकबंद काका ठेवलं आणि थोड्याच दिवसांत मोठी माणसंही तेच म्हणू लागली. काकांचा त्यात काही अपमान होतोय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना ती पदवी वाटली.

काकू अगदी उलट. बँकेतून निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. आता मला काहीतरी रंगीत, हलणारं आणि माझं स्वतःचं बघायचंय." आणि घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक आला. काकांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, वरून पाहिलं, खालून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. कव्हर घालता येत नाही अशी ती घरातली पहिलीच वस्तू होती.

टँकमध्ये एक शिंपल्यातला खेकडा होता. तो दर काही दिवसांनी शिंपला बदलायचा, म्हणून त्याचं नाव भाडेकरू. पण काकूंचा जीव होता तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांच्या जोडीवर. त्यातली मोठी ती बाईसाहेब. छोटा तो बापू. बाईसाहेब पुढे, बापू मागे. बाईसाहेब वळल्या की बापू वळणार, बाईसाहेब थांबल्या की बापू त्यांच्या शेपटीशी घुटमळत उभा. समोरच्या फ्लॅटमधल्या विमावाल्यांनी एकदा कुठेतरी वाचून येऊन सांगितलं, "काका, या माशांचं म्हणे असं आहे, की बायको गेली तर नवऱ्याचीच हळूहळू बायको होते." काका म्हणाले, "काहीतरीच!" काकू म्हणाल्या, "झाली तर बरंच आहे की. निदान कळेल तरी, घर कसं चालतं ते."

आता या खाऱ्या पाण्याची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा गोंधळ समजायचा नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं, आणि उरलेलं पाणी आणखी खारट होतं. म्हणून रोज त्यात थोडं साधं, गाळलेलं पाणी घालावं लागतं. हे काम काकूंनी यंत्रावर सोपवलं होतं. टँकखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती. वरचं पाणी फिरत फिरत तिच्यात उतरायचं आणि पुन्हा वर जायचं. त्या टाकीत अंगठ्याएवढा एक सेन्सर. समोर पाणी दिसलं की तो गप्प. पाणी उतरून हवा दिसली की तो पंपाला सांगणार, सोड. पंप शेजारच्या कॅनमधलं साधं पाणी सोडणार, सेन्सरला पुन्हा पाणी दिसणार, पंप बंद. सरळ मामला. फक्त त्या सेन्सरवर मिठाची खपली आणि शेवाळ धरतं, त्याची नजर धुरकट होते. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला व्हिनेगरमध्ये बुडवायचं आणि मऊ ब्रशनं पुसायचं. बस.

लेकीचं बाळंतपण आलं आणि काकूंना काही आठवड्यांसाठी तिच्याकडे जावं लागलं. बॅग भरता भरता त्या म्हणाल्या, "टँकच्या दुकानदाराला सांगून ठेवते. तो येऊन बघून जाईल."

काकांना हे लागलं. चांगलंच लागलं. "म्हणजे? मी काय मेलोय?"

"तसं नाही हो."

"अख्खं भांडार सांभाळलं मी. आणि एक अंगठ्याएवढी वस्तू सांभाळायला तू बाहेरचा माणूस बोलावणार? लग्न झाल्यापासून एक तरी गोष्ट तू माझ्या भरवशावर सोडलीस का?"

काकूंनी हातातली साडी बॅगेत ठेवली. खरं सांगायचं तर सोडली नव्हती. आणि त्याला सबळ कारणं होती, पण निघायच्या दिवशी ती काढण्यात अर्थ नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. "सोडते. आठवड्यातून एकदा सेन्सर काढायचा, व्हिनेगरमध्ये बुडवायचा, पुसायचा, परत लावायचा. कॅन रिकामा झाला की फिल्टरच्या पाण्यानं भरायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि अहो, मला विचारल्याशिवाय डोकं चालवायचं नाही."

काकांनी शेवटचं वाक्य सोडून सगळं नीट ऐकलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सेन्सर काढला आणि त्यांना भडभडून आलं. एवढं नाजूक यंत्र, आणि उघडंनागडं खाऱ्या पाण्यात! अंगावर पांढरी खपली, कानाकोपऱ्यात हिरवा बुळबुळीत थर. भांडारात कुणी एखादं यंत्र असं ठेवलं असतं तर काकांनी त्याला मेमो दिला असता. त्यांनी नाकाला रुमाल बांधून तो व्हिनेगरमध्ये बुडवला, घासला, चकचकीत केला आणि जागेवर लावला. दोन दिवसांनी बघतात तर पुन्हा खपली धरायला लागलेली.

"हे म्हणजे रोज मळायचं आणि रोज धुवायचं," ते विमावाल्यांना म्हणाले. "मुळात मळूच का द्यायचं?"

विमावाले म्हणजे उंटावरचे शहाणे. कुणाच्याही घरात काही अडलं की ते घरातल्या माणसाच्या आधी हजर. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "नुकसान झाल्यावर धावण्यापेक्षा आधी संरक्षण. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो."

"मग घालू या का कव्हर?"

"रिमोटला घालताच की तुम्ही. रिमोट चालतो ना?"

"पहिल्या दिवसापासून चालतोय."

"मग झालं तर!"

शास्त्र एवढ्यावर मिटलं. काकांनी ठेवणीतली एक जाड, पारदर्शक पिशवी काढली, सेन्सर तिच्यात घातला, तोंड पिरगाळून वर दोन रबरबँड लावले. एक पुरला असता, पण दोन लावायची पद्धत होती. कपाटाच्या आतल्या बाजूला पंपाचा एक डबा होता, काही बिघडलं तर कोकलणारा भोंगा त्यातच. त्यालाही काकांनी जुन्या रजईच्या तुकड्याचं जाडजूड कव्हर शिवलं. उगाच धूळ कशाला बसू द्या.

विमावाल्यांचा उत्साह मात्र इथेच थांबला नाही. "आणि हा कॅन सारखा भरायचा तुम्ही, या वयात? कमरेचं काय होईल? फिल्टरपासून सरळ नळी आणू या. कॅनच्या तोंडाशी छतावरच्या टाकीत असतो तसला छोटा बॉल व्हॉल्व्ह. पाणी कमी झालं की आपोआप भरेल. तुम्ही आणि काकू जगप्रवासाला गेलात तरी हरकत नाही."

काका जगप्रवासाला निघाले नव्हते. त्यांना फक्त पेन्शनच्या कार्यालयात जायचं होतं, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला. ते वर्षातून एकदा करावं लागे. म्हणून सकाळी नळी जोडली, व्हॉल्व्ह बसवला आणि दोघं कपाटासमोर उकिडवे बसून बघत राहिले. कव्हरं घालताना बंद ठेवलेला पंप सुरू झाला. कॅनमधलं पाणी टाकीत पडू लागलं. पंप चालूच राहिला.

"बघा," विमावाले म्हणाले, "आता कसा मन लावून काम करतोय."

"मोकळा श्वास घेतोय बिचारा," काका म्हणाले, आणि कपाटाचं दार लोटून कार्यालयाकडे निघाले. बाईसाहेब काचेशी आल्या होत्या, मागे बापू. काकांनी त्यांना चक्क हात केला.

पेन्शन कार्यालयात खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या आणि खिडकीपुढे बोटांचे ठसे घेणारं नवं यंत्र. काकांना ते पाहताक्षणी बरं वाटलं. यंत्राच्या काचेवरचं मूळ प्लास्टिक कुणी काढलेलं नव्हतं. कडेला चिकटपट्टी लावून ते आणखी पक्कं केलेलं होतं. या कार्यालयात कुणीतरी जबाबदार माणूस आहे, असं काकांना वाटलं.

"अंगठा ठेवा," बाई म्हणाल्या.

काकांनी ठेवला. यंत्रानं तांबडा दिवा दाखवला.

"पुसून ठेवा."

पुसून ठेवला. तांबडा.

"दुसरा ठेवा."

एकेक करून दहाही बोटं झाली. बाई संगणकाकडे बघत राहिल्या. "काका, तुम्ही नाही येत."

"नाही येत म्हणजे? हा काय आलोय."

"यंत्रात नाही येत. यंत्र म्हणतंय, समोर कुणीच नाही."

"पण बाई, मी तुमच्या समोर बसलोय!"

"मला दिसताय हो तुम्ही. पण माझ्या दिसण्याला इथे किंमत नाही. यंत्राला दिसलं पाहिजे." बाईंचा आवाज दुष्ट नव्हता. उलट त्यात सहानुभूतीच होती, आणि तीच काकांना जास्त झोंबली. "तुम्ही असं करा, वरच्या मजल्यावर साहेबांकडून लिहून आणा, की तुम्ही आहात."

वरचे साहेब म्हणाले, तुम्ही आहात असं मी कसं लिहून देऊ, मी तुम्हाला ओळखत नाही. ओळखणारा राजपत्रित माणूस आणा. काका म्हणाले, माझ्या ओळखीचे सगळे राजपत्रित वारले. साहेब म्हणाले, मग त्यांचं बरं झालं, त्यांना इथे यावं लागत नाही. काका खाली आले. बाई जेवायला गेल्या होत्या. बाई आल्या तेव्हा संगणक गेला होता. संगणक आला तेव्हा रांग उलटी फिरली होती आणि काका पुन्हा शेवटी. भांडारात त्यांनी लोकांना अशाच चकरा मारायला लावल्या होत्या, पण त्या वेळी ते खिडकीच्या आत होते, त्यामुळे त्यातली मजा वेगळी होती.

दुपार कलली तेव्हा पुन्हा अंगठा. पुन्हा तांबडा दिवा. काकांचा संयम तिथे संपला. हयातीत पहिल्यांदा, दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत, त्यांनी एका नव्याकोऱ्या वस्तूवरचं मूळ प्लास्टिक नखानं उचकटलं आणि टर्रकन ओढून काढलं.

"अहो काका, ते नका काढू, खराब होईल!" बाई ओरडल्या.

काकांनी अंगठा दाबला. हिरवा दिवा लागला. यंत्र टुणकन वाजलं.

"आलात!" बाई आनंदानं म्हणाल्या. "आहात तुम्ही!"

मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. पण काका उभेच. हातात ते फाटलेलं प्लास्टिक, नजर त्याच्यावर. मी समोर होतो, पण त्याला दिसत नव्हतो. मधे प्लास्टिक होतं. समोर पाणी आहे, पण त्याला दिसत नाही. मधे... काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते सगळं पाणी कुठे गेलं असेल हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

घरी पोचले तर दारात सचिव उभे. हे इमारतीच्या समितीचे सचिव आणि राहायला बरोबर काकांच्या खाली. हातात बादली, डोक्यावर ओला पंचा.

"काका, माझं छत गळतंय. नळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, पाणी पिण्याचं की मोरीचं, ते कळल्याशिवाय हात लावणार नाही. म्हणून मी चाखलं." सचिवांनी आवाज खाली आणला. "खारट आहे, काका. खारट! आपल्या इमारतीत खारट पाण्याची लाइन कुठून आली?"

काकांनी उत्तर न देता कुलूप काढलं. कुलपालाही कव्हर होतं, ते काढण्यात आणखी वेळ गेला. आत बैठकीच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. त्यात पायपुसणं तरंगत होतं. कपाटात पंप मन लावून काम करतच होता, आणि रजईच्या कव्हरातून भोंग्याचा आवाज येत होता, जाड पांघरुणाखाली कुणीतरी कण्हावं तसा. काकांनी प्लग उपटला. मग टँकमध्ये बघितलं.

खारं पाणी सांडून सांडून त्याच्या जागी दिवसभर साधं पाणी भरत राहिलं होतं. बाईसाहेब कोपऱ्यात तळाशी आडव्या पडल्या होत्या. कल्ले हलत होते, पण जेमतेम. बापू त्यांच्या अंगाला अंग लावून उभा होता. तो त्यांना नाकानं ढकलायचा, थोडा मागे व्हायचा, पुन्हा ढकलायचा. आपल्याला पुढे व्हायचं कसं हेच त्याला माहीत नव्हतं.

काकांना एकदम फार वाईट वाटलं. काकू गेल्यापासून ते स्वतः घरात असेच घुटमळत होते, हे त्यांना तेव्हा उमगलं. चहाची पूड कुठे आहे इथपासून आज वार कोणता इथपर्यंत, कुणाच्या तरी मागे जाण्याची त्यांची सवय होती, आणि पुढे कुणीच नव्हतं.

नेमका तेव्हाच काकूंचा व्हिडिओ कॉल आला. रोज संध्याकाळी ही वेळ ठरलेली; काकू आधी बाईसाहेबांना बघायच्या, मग काकांना.

"उचलू नका!" विमावाले मागे येऊन उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून. "त्या बाळंतिणीच्या घरात आहेत. उगाच ताण. नेटवर्क नाही म्हणा. तोवर दुकानदाराला गाठू."

दुकानदाराला काकांनी वाटेतच फोन लावला होता. तो बंद होता. काकांनी पाण्यात तरंगणाऱ्या पायपुसण्याकडे बघितलं. नेटवर्क नाही, वीज नाही, मासे झोपलेत, सगळी कारणं डोक्यात तयार होती, एकावर एक रचून ठेवलेली. काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदा एक गोष्ट त्यांच्या भरवशावर टाकली होती, आणि ती आता तळाशी आडवी पडून धापा टाकत होती. ती जगायची असेल तर काय करायचं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसापुढेच त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं.

काकांनी फोन उचलला.

"अगं," ते म्हणाले, "मी डोकं चालवलं."

 काकू म्हणाल्या, "कुठे?"

काकांनी सगळं सांगितलं. पिशवी, दोन रबरबँड, रजई, नळी. काहीही वगळलं नाही. विमावाल्यांचा भागही वगळला नाही, तेव्हा विमावाले हळूच स्वयंपाकघराकडे सरकले. काकांना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या.

"बाईसाहेब दाखवा."

काकांनी फोन काचेला लावला.

"कल्ले हलतायत," काकू म्हणाल्या. "ऐका आता. मीठ टँकमध्ये थेट टाकायचं नाही. बादलीत गाळलेलं पाणी घ्या, त्यात समुद्री मीठ विरघळवा, खारटपणा मोजायच्या मापकाच्या काट्यानं तपासा. टँकमधलं थोडं पाणी काढा आणि त्या जागी हे घाला. थेंबाथेंबानं. घाई केलीत तर याच पाण्यानं मरेल ती. आजच्या आज पुरं करायचं नाही. उद्या, परवा, हळूहळू वर आणायचं."

मीठ आणि मापक! काका भांडारात, म्हणजे माळ्यावर, धावले. मिठाचा डबा त्यांनी स्वतः नीट ठेवला होता. इतका नीट, की डब्याला खोकं, खोक्याला प्लास्टिक, प्लास्टिकला सुतळी, आणि सगळ्याला मिळून चिकटपट्टी, जिचं टोक सापडू नये अशी खास पद्धत त्यांनीच शोधून काढली होती. कात्री हवी. कात्री नवी होती, पुठ्ठ्यावर कडक प्लास्टिकमध्ये बंद, आणि ते प्लास्टिक कापायला कात्री लागणार होती.

"आपणच आपल्याला मेमो द्यायची वेळ आली," काका पुटपुटले आणि त्यांनी दात लावले. मागून विमावाल्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली. दोघं माळ्यासमोर बसून फाडत सुटले. सचिवही बादली ठेवून मदतीला आले, कारण खाली बसून छत बघण्यापेक्षा हे बरं होतं. मापकाच्या पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी निघत गेली तेव्हा सचिव म्हणाले, "काका, आत काही आहे ना नक्की?"

मग काका टँकपुढे स्टुलावर बसले. हातात वाटी, समोर फोन, फोनवर काकू आणि काकूंच्या मांडीवर नवजात नात. वाटीतलं पाणी जरा भराभर पडलं की काकू म्हणायच्या, "हळू." काका म्हणायचे, "हो." त्या संध्याकाळी काकांनी एकही स्वतंत्र विचार केला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या सकाळी बाईसाहेब उठल्या. उठल्या त्या सरळ बापूला एक चावा घेऊन पुढे निघाल्या, आणि बापू आनंदानं त्यांच्या मागे. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तो पुन्हा डबीत घालायला विसरले.

समितीची नोटीस आली ती त्यानंतर. समितीत देखभालीचं काम विमावाल्यांकडे होतं, त्यामुळे काकांनी 'बेजबाबदारपणे अनधिकृत नळजोडणी' केल्याबद्दलची नोटीस त्यांनाच काढावी लागली. "माझा नाइलाज आहे हो," असं म्हणत त्यांनी ती काकांच्या हातात दिली आणि वर नळजोडणी किती मजबूत झाली होती याचं कौतुकही केलं. नोटीस प्लास्टिकच्या पाकिटात होती. काकांनी पाकीट काढून त्यांना परत दिलं.

काकू आल्या त्या दिवशी बॅग दारातच ठेवून आधी टँककडे गेल्या. बाईसाहेब काचेशी आल्या. काकूंनी कपाटाचं दार उघडलं. सेन्सर उघडा, चकचकीत, पाण्यात. भोंगा मोकळा. नळी गायब. कॅन काठोकाठ भरलेला, आणि काकांच्या कमरेला पट्टा.

मग त्या सोफ्यावर टेकल्या. सोफा ओरडला नाही. त्या दचकून उठल्या, मागे वळून बघितलं आणि हळूच हात फिरवला.

"हा निळा होता?"

"तूच निवडला होतास," काका म्हणाले.

"मी विसरूनच गेले होते हो." त्या पुन्हा बसल्या, या वेळी जरा ऐसपैस. काकांनी चहा आणून दिला. बशीतून एक थेंब सोफ्यावर पडला. काकांनी तो पाहिला आणि तसाच राहू देऊन ते शेजारी बसले.

काकूंनी पर्समधून एक नवा मऊ ब्रश काढला आणि काकांच्या हातात दिला. "उद्या सेन्सर पुसायचाय. तुमचंच काम राहू दे ते."

 काकांनी ब्रश खिशात ठेवला. त्याचं प्लास्टिक आधी काढलं, मग ठेवला.

"आणि डोकं?" काकूंनी विचारलं.

"ते मूळ पॅकिंगमध्ये आहे," काका म्हणाले. "परत हात लावलेला नाही."